पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरच्या घरी

जुनी पिकअप घेतली की माणूस टायर बघतो, ब्रेक बघतो, इंजिन ऑइल तर पहिल्याच आठवड्यात बदलतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. तिथे आपण हात घालायचा नाही, ते मोठ्या गॅरेजचं काम, असं मनात पक्कं बसलेलं असतं. गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करणं हे खरोखरच जाणकाराचं काम आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर बदलणं तसं नाही. ज्याला इंजिन ऑइल बदलता येतं त्याला हेही जमतं. वेळ जास्त लागतो, स्वच्छता कडक पाळावी लागते आणि शेवटी ऑइलची पातळी नीट मोजावी लागते. या शेवटच्या गोष्टीवर सगळं काम अवलंबून आहे. गडबडीच्या गॅरेजमध्ये नेमकं तिच्यासाठीच कुणाला थांबायला वेळ नसतो. आपल्याला असतो. म्हणूनच हे काम घरी करावं असं माझं ठाम मत आहे.

बोलण्याला धरून एक गाडी समोर असावी म्हणून 1999 ते 2006 या मॉडेल वर्षांतली शेव्हरोले सिल्वेराडो 1500 घेऊ. जीएमसी सिएरा घेतली असेल तरी आतून बहुतेक सगळं तेच. या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांत 4एल60-ई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. 1982 मध्ये आलेल्या 700आर4 या गिअरबॉक्सचा हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला वंशज. अमेरिकेत या पिकअप अजून सर्रास धावतात, सुटे भाग कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात, आणि शिकणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गिअरबॉक्सला डिपस्टिक आहे. नव्या गाड्यांतून ती गायब झाली. त्यांच्याकडे नंतर येतो.

ऑइल थकतं कशानं

इंजिनातलं ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या, म्हणजे एटीएफच्या, डोक्यावर त्याहून बरंच ओझं असतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवायची ती याच ऑइलनं. क्लच दाबून धरायचे ते याच्याच दाबानं. आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून न्यायची तीही यानंच. शिवाय क्लचच्या प्लेटा एकमेकींना किती पटकन आणि किती मऊपणे धरतील हे ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. ही रसायनं हळूहळू संपतात. त्यांना सगळ्यात लवकर संपवते ती उष्णता, आणि उष्णता वाढते ती वजन ओढताना, चढावर आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत.

जनरल मोटर्सच्या मॅन्युअलमध्ये या गाड्यांसाठी दोन आकडे आहेत. साध्या वापरात 1,00,000 मैल, म्हणजे सुमारे 1,60,000 किलोमीटर. कठीण वापरात 50,000 मैल, म्हणजे सुमारे 80,000 किलोमीटर. कठीण वापर म्हणजे काय तेही तिथेच लिहिलंय: तापमान नेहमी 32 अंश सेल्सियसच्या, म्हणजे 90 फॅरनहाइटच्या पुढे जातं अशा ठिकाणची शहरी गर्दी, डोंगराळ रस्ते, वरचेवर ट्रेलर ओढणं, टॅक्सी किंवा डिलिव्हरीचं काम. ह्यूस्टन, डॅलस, फिनिक्स इथे राहून रोज गर्दीत गाडी काढणाऱ्यानं पहिला आकडा विसरूनच जावा. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे ऑइल बदलल्याची पावती नसेल, तर ते कधीच बदललेलं नाही असं धरून चालावं.

हात लावण्याआधी गाडी ओळखा

ऑइल बदलणं म्हणजे देखभाल. त्यानं मोडलेलं काही सांधत नाही. गाडी रिव्हर्स घेतच नसेल आणि त्याच सुमारास दुसरा आणि चौथा गिअरही गेला असेल, तर 4एल60-ई मध्ये बहुतेकदा सन शेल नावाचा भाग तुटलेला असतो. तिसऱ्या गिअरवर जाताना इंजिनाचा आवाज नुसताच चढत असेल आणि गाडी मात्र ओढत नसेल, तर क्लच जळत आलेत. अशा गिअरबॉक्समध्ये नवं ऑइल आणि फिल्टर घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

तेव्हा पहिलं काम डिपस्टिक बघण्याचं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला, वर उचलून मोकळा करायचा दांडा दिसतो. त्यातलं थोडं ऑइल पांढऱ्या कागदी टॉवेलवर टिपा. तांबडं किंवा गडद तांबडं असेल तर उत्तम. तपकिरीकडे झुकलेलं असेल तर बदलायची वेळ झाली. काळं असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर आत काहीतरी जळलंय. गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं असेल तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. एटीएफचा कूलर बहुतेक पिकअपमध्ये रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि क्लच प्लेटांवरचं अस्तर सोडवून टाकतं. तिथे आधी रेडिएटरचा निकाल लावावा लागतो.

ऑइल करपलेलं नाही, गिअर नीट पडतायत, तर पुढे चला.

कोणतं ऑइल

या गाड्या डेक्सरॉन-3 वर निघाल्या. जनरल मोटर्सनं त्या जागी डेक्सरॉन-6 आणलं आणि जुन्या प्रकाराचे परवाने 2006 च्या अखेरीनंतर वाढवले नाहीत. त्यामुळे आज या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन-6 घालायचं. जुन्यात मिसळलं तरी चालतं. दुकानात ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेल्या स्वस्त बाटल्या असतात. त्या बाजूला ठेवा आणि पाठीवर डेक्सरॉन-6 चा परवाना क्रमांक छापलेली बाटली घ्या. मी हे कंजूषपणाविरुद्धचा उपदेश म्हणून सांगत नाही. ऑइलच्या घडणीनं किती फरक पडतो याचा मोठा दाखला जनरल मोटर्सच्याच नव्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सनं दिलाय. 2015 नंतरच्या त्या गाड्या ठरावीक वेगात थरथरायच्या, रस्त्याच्या कडेच्या खरबरीत पट्ट्यांवर चाक गेल्यासारख्या. मूळ ऑइल ओलावा शोषत होतं. 2019 मध्ये कंपनीनं डीलरांना वेगळ्या घडणीचं ऑइल भरायला सांगितलं आणि पुष्कळ गाड्यांची थरथर तेवढ्यानंच गेली.

फिल्टर घेताना एक पाहून घ्या. या गिअरबॉक्सला उथळ आणि खोल असे दोन प्रकारचे पॅन लागलेले आहेत आणि दोन्हींचे फिल्टर वेगळे. दुकानदाराला मॉडेल वर्ष सांगून खात्री होत नसेल तर पॅनचा फोटो काढून न्या. फिल्टरसोबत गॅस्केट आणि सील येतं का तेही बघा. जीएमचं मूळ रबरी गॅस्केट चांगल्या स्थितीत असेल तर ते पुन्हा वापरता येतं, आणि कॉर्कच्या स्वस्त गॅस्केटपेक्षा मी तेच पसंत करेन.

गाडीखाली

पिकअपचा एक मोठा फायदा म्हणजे तिची उंची. सडपातळ माणूस तिच्याखाली जॅक न लावताही शिरू शकतो, आणि मग गाडी आपोआप सपाट राहते. जागा कमीच पडत असेल तर जॅकवर उचला, पण जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. दोन मजबूत स्टँड लावा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, आणि खाली जाण्याआधी गाडी हातानं जोरात हलवून बघा. 2020 मध्ये हार्बर फ्रेट या अमेरिकेतल्या प्रसिद्ध हत्यारांच्या दुकानसाखळीला आपले जॅक स्टँड लाखोंनी परत मागवावे लागले होते, कारण त्यांचे दाते भाराखाली निसटण्याचा धोका होता. तुमच्याकडचे स्टँड जुने किंवा कुणाकडून आणलेले असतील तर आधी त्यांचा मॉडेल क्रमांक तपासा.

ऑइल कोमट असावं, कढत नको. लांबून आल्यावर लगेच पॅन खोललं तर नव्वद अंशाचं ऑइल कोपरापर्यंत ओघळतं. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवा, मग तासभर निवू द्या. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला. खाली रुंद ट्रे ठेवा आणि ट्रेखाली जाड पुठ्ठा अंथरा, कारण या पॅनला बहुधा तळाशी ड्रेन प्लग नसतो. ऑइल काढायचं ते पॅन झुकवूनच.

पॅन सोळा बोल्टांवर असतं. सगळे थोडे सैल करा, मग मागच्या बाजूचे पूर्ण काढा. पुढचे दोन मात्र काही आट्यांवर राहू द्या. मागची कड खाली झुकते आणि ऑइल एका कोपऱ्यातून धारेनं उतरतं. गॅस्केट चिकटून बसलं असेल तर रबरी हातोडीनं कडेला टकटक करा. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. वरचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, त्यावर ओरखडा पडला की तिथून कायम पाझरत राहतं. गिअर केबलचा ब्रॅकेट आणि काही गाड्यांत एक्झॉस्टचा आडवा पाइप पॅन काढताना आडवा येतो. ब्रॅकेट सोडवून घ्या, पाइपावरून पॅन तिरकं करून काढा. इथे धीर लागतो.

पॅन हातात आलं की घाईनं धुऊ नका. तळाशी एक लोहचुंबक असतं. त्यावर साचलेला थर बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळा. करड्या रंगाचा, काजळाइतका मऊ लगदा लागला तर तो वर्षानुवर्षांच्या झिजेचा आहे. त्याची चिंता नको. बोटाला टोचणारे कण, चमकणारे काप, तारेसारखे तुकडे हाती लागले तर ते कुठल्यातरी भागाचे अवशेष आहेत. पॅनच्या तळाला काळा गाळ असेल तर तो क्लचच्या अस्तराचा. थोडा असतोच. बोटानं खरवडून काढावा इतका जाड असेल तर गिअरबॉक्सचे दिवस भरत आले. गॅरेजमधून आणलेल्या बिलावर हे कधी लिहून येत नाही. निव्वळ हे पाहायला मिळतं म्हणूनसुद्धा एकदा स्वतः पॅन काढावं.

फिल्टर बोल्टानं बसवलेला नसतो. त्याची नळी वर पंपातल्या सीलमध्ये घट्ट रुतलेली असते. हलवत खाली ओढला की सुटतो आणि त्याच्याबरोबर आणखी ऑइल येतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. आता जुनं सील बघा. ते फिल्टरबरोबर आलं का, की वरच अडकलं? वर अडकलेलं विसरून त्यावर नव्या सीलसकट फिल्टर दाबला तर तो नीट बसत नाही आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. अडकलेलं सील लहान पेचकसानं आत दुमडून काढावं, भोकाच्या भिंतीला न खरवडता. नव्या सीलला ताजं एटीएफ चोळून ते सरळ दाबून बसवा, मग फिल्टर.

पॅन ब्रेक क्लीनरनं धुऊन कोरडं करा, चुंबक पुसून त्याच्या जागी ठेवा. पुसायला जुना बनियन किंवा टर्किश टॉवेल घेऊ नका. आतल्या व्हॉल्व्हच्या फटी इतक्या बारीक असतात की कापडाचा एखादा धागाही तिथे अडू शकतो. गॅस्केटवर सिलिकॉन किंवा कसलाही गोंद लावू नका.

बोल्ट आधी सगळे हातानं फिरवून लावा. मग टॉर्क पान्यानं 11 न्यूटन-मीटर, म्हणजे 97 इंच-पाउंड, इतकेच आवळा. एक या बाजूचा, एक समोरचा, असं करत दोन फेऱ्यांत. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारापट फरक आहे. फूट-पाउंडाचा मोठा पाना इथे काढूच नका. ॲल्युमिनियममधल्या आट्या एकदा गेल्या की अर्ध्या दिवसाचं काम आठवडाभराचं होतं.

पातळी

पॅन काढून फिल्टर बदलल्यावर या गिअरबॉक्सला साधारण 5 क्वार्ट, म्हणजे 4.7 लिटर ऑइल लागतं. तरीही ट्रेमधलं जुनं ऑइल मोजून घ्या. आधीच्या माणसानं कमी-जास्त भरलं होतं का तेही त्यावरून कळेल. डिपस्टिकच्या नळीत लांब, निमुळत्या तोंडाचं नरसाळं लावून आधी 4 क्वार्ट भरा. गाडी जमिनीवर, सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू करा, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमधून फिरवा, प्रत्येक ठिकाणी तीनेक सेकंद थांबा आणि पार्किंगमध्ये आणा. मग पाचवा क्वार्ट थोडा-थोडा घाला. ही पहिली, थंड पातळी. ती फक्त गाडी रस्त्यावर नेण्यापुरती.

खरी पातळी गरम ऑइलवर मोजायची असते, कारण तापलं की ऑइल फुगतं. 15 मैल, म्हणजे सुमारे 24 किलोमीटर गाडी चालवा. ऑइल 82 ते 93 अंश सेल्सियसपर्यंत, 180 ते 200 फॅरनहाइटपर्यंत तापलं पाहिजे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ रीडर मिळतो. चांगलं ॲप घेतलं तर गिअरबॉक्सचं तापमान मोबाइलवर दिसतं आणि अंदाज करावा लागत नाही. मग सपाट जागी थांबा, पुन्हा सगळे गिअर फिरवा, पार्किंगमध्ये इंजिन किमान तीन मिनिटं चालू ठेवा, आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढा. पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दांड्याच्या दोन्ही बाजू पाहा आणि जी खालची असेल ती खरी माना. नळीच्या आतून ओघळलेलं ऑइल एका बाजूला लागून खोटी उंची दाखवतं, आणि नुकतंच भरलेलं असताना तर हमखास.

पातळी ‘हॉट’च्या पट्ट्यात आली पाहिजे. कमी असेल तर एकदम ओतू नका. अर्ध्या लिटरहून कमीच लागतं सहसा. ऑइल कमी पडलं तर वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात. जास्त झालं तर फिरते भाग त्यात बुडतात, ऑइल फेसाळतं, आणि फेसाला दाब धरता येत नाही. परिणाम दोन्हीकडे सारखाच. कडक उन्हात, गर्दीतून किंवा ट्रेलर ओढून नुकतेच आला असाल तर अर्धा तास तरी थांबूनच मोजा.

आता एक शंका उरते. या गिअरबॉक्समध्ये एकूण ऑइल सुमारे 10.6 लिटर असतं. आपण बदललं 4.7. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहिलं. म्हणजे पहिल्या खेपेला 44 टक्केच ऑइल नवं झालं. काही महिन्यांनी पुन्हा तेवढंच बदललं तर 69 टक्के, तिसऱ्यांदा 83 टक्के. कूलरची परतीची नळी सोडून इंजिन चालू करून सगळं ऑइल एकाच दिवशी बदलण्याची पद्धतही आहे. पण त्यात पंपातून ऑइल इतक्या झपाट्यानं बाहेर येतं की ओतणाऱ्याचा आणि इंजिन बंद करणाऱ्याचा मेळ चुकला तर पंप कोरडा चालतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं तिकडे जाऊ नये. आधीचा इतिहास माहीत नसलेल्या गाडीला दाबाच्या मशीननं फ्लश करून घेण्याच्याही मी विरुद्ध आहे. पॅन काढून, फिल्टर बदलून, थोड्या अंतरानं पुन्हा ऑइल बदलणं हा सबुरीचा मार्ग आहे आणि त्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे.

डिपस्टिक नसलेल्या पिकअप

2005 ते 2015 ची व्ही-6 टोयोटा टॅकोमा, अलीकडची रॅम 1500, फोर्ड एफ-150 यांत हेच काम जरा वेगळं होतं. टॅकोमामध्ये वरच्या प्लगमधून भरायचं आणि तळाच्या प्लगमधून जादा ऑइल बाहेर वाहू द्यायचं. ठरावीक तापमानाला धार थांबून थेंब पडू लागले की पातळी बरोबर. रॅमच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं पॅन प्लॅस्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच घडवलेला, म्हणून पॅनच नवं घ्यावं लागतं. सहा गिअरच्या एफ-150 मध्ये बोटभर डिपस्टिक आहे, पण गाडीखाली, गरम एक्झॉस्टच्या शेजारी. या सगळ्यांत तापमानाची अट सिल्वेराडोपेक्षा कडक असते आणि प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तेव्हा नेमक्या त्या वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल आणि तापमान दाखवणारा रीडर हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका. भरायचा प्लग निघतोय याची खात्री केल्याशिवाय तळाचा प्लग तर कधीच काढू नका. ऑइलही ज्याचं त्यालाच: टोयोटाला डब्ल्यूएस, सहा गिअरच्या नंतरच्या फोर्डला मेरकॉन एलव्ही, दहा गिअरच्या फोर्डला मेरकॉन यूएलव्ही. एलव्ही आणि यूएलव्ही यांत एकाच अक्षराचं अंतर आहे, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असं काही कंपन्या सांगतात. रॅमच्या त्या गिअरबॉक्सची मूळ रचना जर्मनीच्या झेडएफ कंपनीची, आणि झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. माझा विश्वास गिअरबॉक्स घडवणाऱ्यावर.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरच्या बहुतेक पिकअप हातानं गिअर टाकायच्या, त्यांना यातलं काही लागू नाही. ऑटोमॅटिक हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस असेल तर मात्र विचार हाच. वॉरंटी चालू असेपर्यंत काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा, आणि बिलावर ऑइलचा नेमका प्रकार लिहून मागा.

अमेरिकेत काढलेलं ऑइल झाकणबंद कॅनमध्ये भरून ऑटोझोन किंवा ओरायलीच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात नेलं तर बहुतेक ठिकाणी ते फुकट घेतात. त्यात कूलंट, ब्रेक क्लीनर मिसळू देऊ नका. मिसळलेलं ते नाकारतात. ड्राइव्हवेवर सांडलं असेल तर मांजरांसाठी मिळते ती वाळू पसरून रात्रभर ठेवा आणि झाडून कचऱ्यात टाका, पाण्यानं गटाराकडे लोटू नका. घरमालक संघाचे नियमही आधी वाचून घ्या, काही वसाहतींत ड्राइव्हवेवर गाडी खोलायला मनाई असते.

दोन-तीन दिवसांनी, रोजच्यासारखी गाडी चालवून झाल्यावर, गरम पातळी आणखी एकदा मोजा. पॅनच्या कडेवरून कोरडा कागदी टॉवेल फिरवा. ओल लागली तर तिथला बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा, पण 97 इंच-पाउंडाच्या पुढे जाऊ नका. तरीही पाझरत असेल तर गॅस्केट दुमडलंय आणि पॅन पुन्हा उतरवावं लागेल. सगळं कोरडं असेल तर ओडोमीटरचा आकडा, तारीख आणि ऑइलचा प्रकार एका पट्टीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.